अवरेकाईच्या दुपारी

आमच्या घरात राग माझ्या वाट्याला आणि हट्ट ह्यांच्या वाट्याला, अशी विभागणी लग्नाच्या पहिल्याच वर्षी होऊन गेली. तेहतीस वर्षं दोघांनी आपापली बाजू इमानेइतबारे सांभाळली. गेल्या दिवाळीनंतर ह्यांना पक्षाघाताचा सौम्य झटका आला. बोलणं चार दिवसांत सुधारलं, चालणं दहा दिवसांत. राहिला तो उजवा हात. खांदा, कोपर, मनगट सगळं हलायचं, पण अंगठा आणि शेजारची दोन बोटं एकमेकांना भेटायला तयार नव्हती. चिमूट म्हणतात ती होतच नव्हती. डॉक्टर म्हणाले, पहिले तीन-चार महिने महत्त्वाचे. ह्या दिवसांत बोटांना जितकं काम द्याल तितकं परत येईल, पुढचं काही सांगता येत नाही.

हात कुणाचा होता ते सांगायला हवं. हे इथे, कन्नड मुलखात, एका सरकारी कारखान्यात टूलरूममध्ये होते. आयुष्यभर लोखंड कापायची, घासायची, मापात बसवायची कामं. पत्रा नुसता दोन बोटांत धरून त्याची जाडी सांगायचे आणि मग मापून बघितलं तर ती बरोबर निघायची. निवृत्तीनंतर घरातली घड्याळं, मिक्सर, शेजाऱ्यांची शिलाई मशिनं ह्या हातांनी दुरुस्त केली. त्याच हाताला आता पोळीचा तुकडा तोडता येईना. मी पोळी कुस्करून दुधात किंवा आमटीत घालून द्यायची आणि हे डाव्या हातात चमचा धरून खायचे. तेही स्वयंपाकघराचं दार लोटून घेऊन. आमच्या बसवनगुडीतल्या बागेत सकाळी फिरायला जायचे तेही बंद केलं, कारण तिथे कुणीतरी हात पुढे करणार. हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. मला आपोआप कळलं आणि फार वाईट वाटलं.

व्यायामाचं सामान घरात भरपूर होतं. आमची मुलगी बेळ्ळंदूरला राहते. शहर एकच, पण मध्ये रिंग रोडचा ट्रॅफिक, त्यामुळे ती येते महिन्यातून दोनदा आणि तिची पार्सलं येतात आठवड्यातून तीनदा. रबरी चेंडू, रंगीत माती, स्प्रिंगचे चिमटे. रोज व्हिडिओ कॉलवर तिचा प्रश्न ठरलेला, "बाबा, एक्सरसाइज केली?" हे मान डोलवायचे. फोन बंद झाला की चेंडू ड्रॉवरमध्ये.

"मी काय तान्हं बाळ आहे चेंडू दाबायला?" असं एकदा म्हणाले. "त्यातून काही तयार होतं का? नुसतं आपलं दाबायचं आणि सोडायचं."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, हे मी तोंडावर म्हणाले. मी आणखीही बरंच म्हणाले. समजावलं, ओरडले, रडलेसुद्धा. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

डिसेंबर लागला आणि एका दुपारी शेजारच्या अक्का एक मोठं पातेलं घेऊन आल्या. अक्का पंचाहत्तरीच्या. त्यांचं आमचं बोलणं कन्नडात चालतं, पण मी ते इथे मराठीतच लिहिते. पातेल्यात पाण्यात भिजलेली अवरेकाई होती. अवरेकाई म्हणजे आपला पावटाच, पण जरा टपोरा आणि सुवासिक. थंडीत इथल्या बाजारात तिचे ढीग लागतात. शेंगा घेताना लोक आधी हुंगून बघतात. दाणे सोलायचे, ते पाण्यात भिजवायचे, आणि साल फुगली की एकेक दाणा चिमटीत धरून दाबायचा. आतली हिरवी डाळ सुळकन बाहेर येते. तिला इथे हितकिद बेळे म्हणतात. तिची आमटी खायची म्हणजे घरातल्या निम्म्या माणसांनी दुपार खर्ची घालायची.

"माझ्या सुनेच्या माहेरची माणसं येणार आहेत," अक्का ह्यांना म्हणाल्या. "सार्, तुम्ही मोकळेच आहात. स्वल्प सोलून द्या."

मी त्यांना डोळ्यांनी खुणावत होते, पण अक्कांनी कधी कुणाच्या खुणा वाचल्या नाहीत. मी सांगितलं असतं तर हे पेपर उघडून तोंडासमोर धरून बसले असते. अक्कांना नाही म्हणायची ह्यांची टाप नव्हती. पातेल्याकडे बघत म्हणाले, "सरी," म्हणजे बरं.

मागच्या व्हरांड्यात दुपारी ऊन येतं. तिथे मी पाट टाकला, ह्यांना बुटकी खुर्ची दिली, मध्ये पातेलं आणि दोन ताटं. मला वाटलं हे डाव्या हाताने सोलतील. त्यांनी पहिला दाणा डाव्या हाताने घेतला, उजव्या अंगठ्याखाली ठेवला आणि दाबला. काही झालं नाही. दुसरा निसटून पाटाखाली गेला. तिसरा दाणा उडाला तो थेट माझ्या कपाळावर. मी हसायचं की नाही ते मला कळेना. हेच म्हणाले, "नेम चांगला आहे," आणि मग मी हसले. तासाभरात त्यांच्या ताटात मोजून अकरा डाळी पडल्या. त्यातल्या चार चिरडलेल्या. मी शंभरएक सोलले असतील. अक्कांनी त्या अकरा डाळींकडे बघितलं आणि अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "उद्या आणखी आणते. पाहुणे पुष्कळ आहेत."

पाहुणे तीनच होते, हे मला नंतर कळलं.

पाहुणे जेवून गेले तरी आमच्याकडे अवरेकाई यायची थांबली नाही. आता मीच सकाळी बाजारातून शेंगा आणायची. दुपारी तीन वाजले की हे खुर्चीत जाऊन बसायचे. चेंडू दाबून काही तयार होत नव्हतं, इथे संध्याकाळची आमटी तयार होत होती. त्यात ह्यांच्यातला कारागीर जागा झाला. दाणा आडवा धरायचा नाही, उभा धरायचा. डोळ्याकडची बाजू पुढे ठेवायची आणि मागून रेटायचं. सकाळी भिजवलेली चालत नाही, साल चिवट राहते, आदल्या रात्री भिजवायची. हे सगळं ते मला शिकवायला लागले. ज्या बाईचं अर्धं आयुष्य वाल सोलण्यात गेलं तिला.

मी अलिबागकडची. आमच्याकडे वालाचं बिरडं म्हणजे सणासुदीचं पक्वान्न. वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून सोलायचे. त्यावरून एका दुपारी आमच्यात येऊन बसलेल्या अक्कांना माझा जुना पराक्रम आठवला. लग्न होऊन इथे आले त्या पहिल्या थंडीत अक्कांनी मला वाटीभर भिजवलेली अवरेकाई दिली होती, संध्याकाळी सोलून आमटी कर म्हणून. मला वाटलं, वालच हे, बाईला मोड आणायचे लक्षात नाही. मी ते ओले दाणे फडक्यात घट्ट बांधले आणि उबेला डब्यात ठेवून दिले. ताज्या कोवळ्या दाण्यांना कसले मोड येतात? तिसऱ्या दिवशी घरात असा वास सुटला की हे कामावरून आल्या आल्या गटार कुठे तुंबलंय ते शोधायला लागले. मी डबा उघडला, तो तसाच बंद केला आणि घेऊन मागच्या दाराने अक्कांकडे गेले. अक्कांनी तेव्हा हसून हसून डोळे पुसले होते. आताही पुसले. मोठ्या शहाणपणाने शिकवायला निघालेली नवी नवरी मी, अजूनही त्यांच्या घरी प्रत्येक थंडीत एकदा आठवली जाते.

अशा त्या दुपारी. उन्हात पाय पसरायचे, बोटांना अवरेकाईचा तेलकट वास, शेजारच्या घरातली कुकरची शिट्टी, आणि आमचं कुठूनही कुठेही जाणारं बोलणं. मला वाटायचं, तेहतीस वर्षांत माणसाचं सगळं माहीत झालेलं असतं. कुठलं काय. एका दुपारी हे अगदी सहज म्हणाले की शुक्रवारच्या डब्यातली माझी कारल्याची भाजी त्यांनी कधी खाल्लीच नाही. एका मित्राला ती आवडायची, ती देऊन हे त्याच्या डब्यातलं चित्रान्न खायचे. म्हणजे तो लिंबाचा फोडणीचा भात.

"किती वर्षं?"

"बदली झाली त्याची तोपर्यंत. बारा-तेरा असतील."

मी तेरा वर्षं दर गुरुवारी रात्री कारली चिरून मीठ लावून ठेवत होते. अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवशी मी आमटीत मीठ जरा जास्तच घातलं. हे मुकाट्याने जेवले.

बोटं हळूहळू ऐकायला लागली होती. अकरा डाळींच्या तीस झाल्या, तिसांची वाटीभर झाली. आणि नेमका त्याच सुमारास ह्यांचा कारखान्यातला जुना सहकारी भेटायला आला. माणूस वाईट नाही, फक्त बोलल्याशिवाय राहवत नाही. व्हरांड्यात आला, ताटं बघितली आणि म्हणाला, "अरे वा, टूलरूममधून थेट स्वयंपाकघरात बढती?"

हे हसले. हसता हसता उजवा हात मांडीखाली घेतला. तो माणूस चहा पिऊन गेला तरी हात बाहेर आला नाही. दुसऱ्या दिवशी तीन वाजता खुर्ची रिकामी. तिसऱ्या दिवशीही तेच. बेडरूममध्ये भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. चौथ्या दिवशी जेवणाचं ताट आणलं तर चमचाही हातात घेईनात. मला इतकी भीती पहिल्या दिवशी हॉस्पिटलमध्येही वाटली नव्हती. डॉक्टरांनी दिलेले महिने चालले होते आणि माणूस पाठ करून पडला होता.

मला भीती वाटली की मी चिडते. मी बेडरूमच्या दारातच पाट टाकला, पातेलं घेऊन बसले आणि एकटीच दाणे दाबायला लागले, तेही दातओठ खात.

"त्याने एक शब्द काय चेष्टेने म्हटला तर चार दिवस हात लपवता," मी म्हणाले. "आणि तुम्ही वीस वर्षं त्याच्याबद्दल काय म्हणताय?"

ह्यांच्याकडे एक मायक्रोमीटर होता, केसाएवढी जाडी मापायचं उपकरण. स्वतःचा, परदेशी बनावटीचा, मखमलीच्या पेटीतला. त्या सहकाऱ्याने तो एकदा चार दिवस मागून नेला होता. पुढे त्याचं माप चुकतंय असं ह्यांच्या लक्षात आलं. त्याने पाडला आणि कबूल केलं नाही, असं ह्यांनी मनाशी धरलं ते कायमचं. बोलणं चालू होतं, पण मनातली अढी गेली नव्हती.

"काय म्हणतो मी?" भिंतीकडूनच आवाज आला.

"तो त्याने नाही बिघडवला. मी बिघडवला."

हे वळले.

"मुलीला अक्रोड हवा होता," मी सांगितलं. "अडकित्ता सापडेना. तुमच्या त्या वस्तूला तोंड होतं, स्क्रू होता. मी त्यात अक्रोड धरला आणि पिळला."

त्यांच्या चेहऱ्यावर जे दुःख होतं ते मला स्पष्ट दिसत होतं. हाताच्या दुखण्यातसुद्धा तो चेहरा मी पाहिला नव्हता.

"अक्रोड," ते म्हणाले.

"फुटला पण," मी म्हणाले.

मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत, तर हसत होते. उठून बसले आणि हसता हसता त्यांना खोकला लागला. मी पाणी आणलं. पाणी पिऊन म्हणाले, "त्याला फोन लाव. माफी मागायला हवी." मी फोन लावून दिला. पलीकडून तो माणूस बराच वेळ मोठ्याने काहीतरी बोलत होता आणि हे "हो, अक्रोड, हो" एवढंच म्हणत होते. फोन ठेवला, माझ्या ताटाकडे बघितलं आणि म्हणाले, "निम्मी डाळ चिरडलीयेस. सरक जरा." आणि दारातच, जमिनीवर, माझ्या समोर बसले. उजव्या हाताने पहिला दाणा उचलला.

त्यानंतर खंड पडला नाही. तो सहकारीही अधूनमधून यायला लागला आणि आला की त्यालाही एक ताट मिळायचं. संक्रांतीला अक्का एळ्ळु-बेल्ला घेऊन आल्या, म्हणजे तीळ, गूळ, खोबरं, दाणे असं सगळं बारीक कापून मिसळलेलं. मी सवयीने वाटीत चमचा घालून पुढे केली. ह्यांनी चमचा बाजूला ठेवला, उजव्या हाताची चिमूट केली आणि तीळ उचलून तोंडात टाकले. चार तीळ शर्टावर सांडले. अक्का देवळातल्या गर्दीबद्दल सांगत होत्या, त्या मध्येच थांबल्या आणि पुन्हा पुढे सांगू लागल्या. मी हळदीकुंकवाचं ताट आणायला म्हणून आत गेले आणि देवासमोर उभी राहून पदराने तोंड दाबून रडले. आनंदाने रडायला येतं हे मी ऐकून होते, पण मला ते खोटं वाटायचं.

फेब्रुवारीत अवरेकाई संपत आली. दाणे जून झाले, बाजारातले ढीग आटले, त्या जागी दुसऱ्या भाज्या आल्या. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जायचं होतं. त्यांनी एक कागद ह्यांच्या अंगठ्यात आणि बोटात दिला आणि म्हणाले, धरून ठेवा, मी ओढतो. दिवाळीनंतर ह्याच परीक्षेत कागद अलगद निसटून गेला होता. आता डॉक्टरांनी ओढला आणि कागद मधोमध फाटला. डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, कसला व्यायाम करून घेतलात? मी म्हणाले, आमटी केली. त्यांना काही कळलं नाही, पण ते हसले. बारीक स्क्रू फिरवण्याइतकी नजाकत कदाचित येणार नाही, असंही त्यांनी सांगितलं. रिक्षात बसल्यावर हे म्हणाले, "पोळी तोडता येते, तेवढं बास."

दुसऱ्या दिवशी मला सुटल्यासारखं झालं. अडीच महिने दुपारची सगळी कामं तुंबली होती. माळ्यावरचे डबे, कपाटं, रद्दी, गाद्यांना ऊन. जेवणं उरकल्याबरोबर मी पदर खोचला आणि स्टुलावर चढले. तीन वाजले असतील. व्हरांड्यातून आवाज आला, "आज काय सोलायचं?"

हे त्यांच्या खुर्चीत बसले होते. समोर पातेलं नाही, ताटं नाहीत.

"काही नाही," मी स्टुलावरूनच म्हणाले. "हात बरा झाला. सुटलात तुम्ही."

"हातासाठी मी पहिला आठवडाच सोलत होतो."

मी खाली उतरून दारात आले. "मग पुढचे दोन महिने कशासाठी?"

त्यांनी भिंतीला टेकवून ठेवलेल्या माझ्या पाटाकडे बोट दाखवलं. "तू तिथे बसायचीस."

माझा नेहमीचा राग वर आला. "एवढं होतं तर तेहतीस वर्षांत एकदा तोंडाने म्हणाला असतात, बस म्हणून."

"म्हणायचो," ते म्हणाले. "रोज आल्यावर म्हणायचो. तू म्हणायचीस, थांबा, चहा टाकते. आणि जायचीस."

ते खरं होतं. कामावरून येऊन, बूट काढून, त्याच खुर्चीत बसून ते काहीतरी म्हणायचे आणि मी आतून ओरडायची, आलेच. चहा घेऊन यायची, कप ठेवायची आणि भाजी चिरायला जायची. माझ्या मनात ते माणसाची काळजी घेणंच होतं. त्या माणसाला मी स्वतः हवी असेन, असं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत.

मी पाट टाकला आणि बसले. सोलायला काही नव्हतं. हातांना काय करावं कळेना, म्हणून पदराची सुटलेली दशी ओढत राहिले. ऊन पायांवर आलं होतं. ह्यांनी खुर्चीतून वाकून माझं बोट धरलं, अंगठा आणि शेजारची दोन बोटं, बरोबर तशीच चिमूट.

थोड्या वेळाने, चहाचं आधण ठेवायला म्हणून, मी बोट हळूच ओढून पाहिलं. सुटलं नाही.